पाटीवरची बाई

लातुरात बसस्टँडकडून क्लासेसच्या भागाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही वर्षं माझं तोंड टांगलेलं होतं. पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेलं, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत भाकरी. रंगवणारी मीच. पुढाऱ्यांची तोंडं वाढदिवसाला नाहीतर निवडणुकीला रस्त्यावर लागतात, पण ती चार दिवसांत उतरतात तरी. माझं उन्हापावसात तसंच राहिलं. त्या पाटीनं आमची खानावळ चालवली हे खरंच आहे. तिनं मला कसं डांबून ठेवलं हे मात्र तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून आता लिहिते.

माझं माहेर नांदेडचं. वडील शाळेत शिक्षक, त्यामुळे मुलीनं शिकावं आणि नोकरी करावी हे घरात ठरलेलंच होतं. मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, मग आर्ट टीचर डिप्लोमा केला. लग्न झालं ते किल्लारीच्या बाजूला एका गावात. सासऱ्यांचं तिथं किराणा दुकान होतं. बैठकीत सासरे सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरीला नोकरी लागली तर खुशाल करू द्या. आमची ना न्हाई." त्या एका वाक्यावर मी होकार दिला. नवरा दिसायला बरा होता, तेही होतं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत भूकंप झाला. मी तेव्हा सणाला माहेरी आले होते. नवरा माल आणायला लातूरला गेलेला. सासरे गणपती बुडवून आलेल्या मंडळींबरोबर चावडीपुढं उघड्यावर बसले होते. सासूबाई तेवढ्या घरात, माळवदाखाली. लाकडांवर दगडमातीचा जाड थर दिलेलं ते छत, उन्हाळ्यात काय गार वाटायचं. त्या पहाटे ते सगळं एकदम खाली आलं. सासरे त्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते कुठल्याही पक्क्या छताखाली झोपले नाहीत.

गाव उठून पत्र्याच्या शेडांत गेलं आणि आम्ही लातूरला आलो. पाहुण्यांची एक मोकळी जागा रस्त्याला लागून होती, तिथं पत्रे ठोकले. लातूरला तेव्हा चहूकडून पोरं शिकायला येऊ लागली होती. बोर्डाच्या यादीत लातूरची पोरं वर येतात हे गावोगाव कळलं होतं आणि गल्लीबोळात क्लासेस निघत होते. हदगावपासून, उमरीपासून पोरं यायची, पेटी आणि गादीची वळकटी घेऊन. पोरं आली म्हणजे त्यांना जेवण हवं. दुकानाचं भांडवल मातीखाली गेलेलं, पण भाकरीला काय, पीठ आणि हात लागतात. घरात हात म्हणजे माझेच. "चार-सहा महिन्यांचा प्रश्न हाय," असं नवरा म्हणाला. त्याच्या तोंडी हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की त्याचा पहिला शब्द निघाला की पुढचं मीच म्हणून टाकायची.

खानावळ सुरू झाली, पण गिऱ्हाईक येईना. त्याला कारण सासऱ्यांचा बोर्ड होता. त्यांनी एका पेंटरकडून तो मोठ्या हौसेनं करून घेतला होता. वर तीन देव. त्याखाली गुरूंचा आशीर्वाद. मग खानावळीचं लांबलचक नाव, त्याखाली मालकाचं, मुलाचं आणि अजून न झालेल्या नातवासाठी सोडलेली मोकळी जागा. मग जेवणातल्या सगळ्या पदार्थांची यादी, शेंगाच्या चटणीपासून ताकापर्यंत. जेवणाच्या वेळा. आणि शेवटी, एकुलत्या एका पत्र्याच्या शेडची "आमची कोठेही शाखा नाही" अशी सूचना. सहा रंग, प्रत्येक अक्षराला सावली. जवळ उभं राहून वाचलं तर वाचनात चांगला वेळ जायचा. रिक्षातून जाणाऱ्याला मात्र नुसता रंगांचा चिखल दिसत होता.

मी शेडच्या दाराला लावलेल्या पोत्याच्या पडद्याआडून रस्ता बघत बसायची. दुसरं काही बघायला नव्हतंच. बघता बघता ध्यानात आलं की रिक्षातले बाप बोर्ड वाचतात आणि आया वाचत नाहीत. आया दारात बघतात, चूल कुठं आहे ते बघतात, धुराचा वास घेतात. आणि पोराला कुठं ठेवायचं हे शेवटी त्या आयाच ठरवतात. एक दिवस हदगावकडची एक बाई पाणी मागायला आत आली. बोर्डाकडे हात करून म्हणाली, "हे काय लिवलंय गं माय? मला वाटलं टायरचं दुकान हाय." मी म्हटलं, खानावळ आहे. ती म्हणाली, "मग रांधतंय कोण ते दाव की. आचारी असंल तर माझं लेकरू न्हाई ठिवायची मी." पाणी पिऊन ती गेली.

सासऱ्यांशी मी थेट बोलत नसे. आमच्याकडे तशी रीत होती. त्यांच्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि बोलायचं ते नवऱ्याच्या मार्फत. चहा हवा असला तरी ते पत्र्याच्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहा झाला का म्हणावं." तर नवऱ्यामार्फत मी निरोप दिला की बोर्ड मी करते. सासरे भिंतीला म्हणाले, "कर म्हणावं. शिकलेली हाय तर कर म्हणावं."

शेडाचा एक पत्रा उरला होता. तो मी अंगणात पालथा घातला, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वाळल्यावर पिवळा रंग लावला. त्यावर काळ्या रंगात एकच शब्द लिहायचा ठरवला, खानावळ. देव नाहीत, नावं नाहीत, शाखा नाहीत. खडूची दोरी मारून रेघा आखल्या आणि अक्षरं वीतभर जाड काढली. नवऱ्याला सायकलवरून रस्त्यानं दोनदा जायला लावलं. पहिल्यांदा म्हणाला, "खा एवढंच दिसलं." मी अक्षरांमधली जागा वाढवली. दुसऱ्यांदा परत आला तो हसतच, सगळं दिसलं म्हणाला. मला फार आनंद झाला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी शिकलेलं काहीतरी करत होते.

मग चित्र. ज्यांना वाचता येत नाही त्या आयांसाठी रांधणारी बाई दाखवायची. उजवीकडे, स्टँडवरून येणाऱ्यांकडे तोंड करून बसवलेली. भाकरी मी परातीएवढी काढली, कारण खऱ्या मापाची भाकरी रिक्षातून पापडासारखी दिसली असती. नवरा म्हणाला, "एवढी भाकर खातंय कोण?" मी म्हटलं, "हत्ती." चेहऱ्यासाठी मात्र समोर कुणी बसणारं नव्हतं. म्हणून चुलीजवळच्या खांबाला आरसा अडकवला आणि माझंच तोंड बघून काढलं. नेहमीप्रमाणं पदर डोक्यावर होता, तोही आला.

असं तोंड आमच्या घरातली कुठलीही बाई रस्त्यावर लावणार नाही, हे मला रंगवताना सुचलंच नाही. मी चित्र काढत होते, बस. लागलं तेव्हा सासरे बराच वेळ खाली उभं राहून बघत होते. मला वाटलं आता उतरवा म्हणतील. ते म्हणाले, "बराबर आलंय." बस्स. ज्यांच्यापुढं मी कधी तोंड वर केलं नव्हतं, त्यांनी माझं तोंड सगळ्या लातूरसाठी टांगून ठेवलं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

पाटी लागली आणि खानावळ भरली. थोडी नाही, तुडुंब भरली. रिक्षा आपणहून थांबायच्या. बाप पैशाचं बोलायचे आणि आई थेट आत यायची, चुलीपाशी. मला बघायची, बाहेर जाऊन पाटी बघायची आणि परत आत यायची. "हीच की ती," असं म्हणून पोराचा हात माझ्या हातात द्यायची. "तुमच्या पदरात टाकून चालले बघा. लई नाजूक खाणं हाय त्याचं." मी वयानं त्या पोरांपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. आणि एवढ्या आयांनी मला आपली जागा देऊन टाकली होती.

सुरुवातीला बरं वाटलं. मग उन्हाळा आला. वर पत्रा, समोर चूल, मागं धुण्याची भांडी. दोन वेळच्या पंगती, शिवाय डबे. भाकरी थापायच्या, टाकायच्या, उलटायच्या, परत थापायच्या. हातावरच्या रेघांत पीठ वाळून बसायचं. कपडे वाळत घालायला बाहेर गेले तरी कुणीतरी यायचं. भाजीबाजारात गेले तर मागून पोरं म्हणायची, पाटीवरची बाई चालली बघा. एकदा मला ताप आला आणि दोन दिवस शेजारच्या बाईनं भाकरी केल्या. तिसऱ्या दिवशी एक बाप दारात, "पाटीवरल्या बाई कुठं गेल्या? पोरगं फोनवर रडून ऱ्हायलंय." सासऱ्यांनी ते ऐकलं. त्यानंतर मला माहेरी जायचं म्हटलं की ते भिंतीला सांगायचे, "क्लासेस सुरू हायेत म्हणावं." क्लासेस तर दिवाळीतही सुरू असायचे.

कुणीतरी एकदा पाटीवर चिखलाचा गोळा मारला. माझ्या गालावर बसला. सासऱ्यांनी शिडी लावून स्वतःच्या उपरण्यानं तो पुसला, हळू, रंग निघू नये म्हणून. मी आतून बघत होते. मला रागानं रडू आलं. त्या दिवशी माझ्या खऱ्या हाताला तव्याचा चटका बसून फोड आला होता आणि त्याची कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती.

मधे पंचमीला एकदा कशीबशी नांदेडला गेले तेव्हा तिथून जवळच्या उमरीच्या एका शाळेत मुलाखत देऊन आले. चित्रकलेची जागा होती. नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, लागली तर बघू. त्याला वाटलं लागणार नाही. लागली. वडील ते सांगायला स्वतः लातूरला आले. सासऱ्यांसमोर बाजेवर बसून ते पाणी प्यायले, त्यांनी पावसापाण्याचं विचारलं आणि मग एकदाचं म्हणाले, "व्याही, पोरीला नोकरी लागली. शाळेनं महिनाअखेरीपर्यंत हजर व्हा म्हणून सांगितलंय. नंतर जागा दुसऱ्याला देतील."

मी पडद्याआड उभी होते. सासऱ्यांनी कपाळावरचं भस्म चोळलं आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी सबूद दिलेला हाय, मोडत न्हाई. पर त्या पाटीचं काय करायचं तुमीच सांगा. लोकं तिला बघून लेकरं सोडतेत. उद्या म्हनतील, पाटीवरली बाई पळाली." वडील उठले आणि चपला घालू लागले. ते आयुष्यभर वर्गात मोठ्यानं बोलले आणि वर्गाबाहेर हळू. जाताना रिक्षाजवळ मला म्हणाले, "काय करून ऱ्हायलीस बाळा, घे ना जमवून." मला त्यांचाही राग आला. जमवून घेण्यासारखं काय उरलं होतं?

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. इथं पत्रा मी घासला, रंग मी कालवला, आरसा मीच अडकवला. कॉलेजात शिकवलं होतं की चांगली जाहिरात खरी असावी. माझी इतकी खरी झाली होती की ती खोटी पडू नये म्हणून मला चुलीपुढं बसावं लागत होतं. नवऱ्याला म्हटलं, स्वयंपाकाला बाई ठेवा, मी पगारातून देते. तो म्हणाला, "बाई मिळंल. तुझं तोंड कुठून आणू?"

तिथंच मला सुचलं. तोंडच बदलायचं. पाटीवर दुसरी कुणी बसली की कुणी मला शोधणार नाही. नवरा म्हणाला, "काढ कुणाचंही. मी अप्पांना सांगतो मागून." वडिलांना मागून सांगायची त्याला सवयच होती.

दुपारच्या पंगती उठल्यावर सासरे लिंबाच्या झाडाखाली पडायचे. त्या वेळात मी शिडी लावून वर चढले, माझ्या तोंडावर पिवळा हात मारला आणि तो तापलेल्या पत्र्यावर सुकल्यावर नवीन चेहरा काढायला घेतला. मनातून कुणीतरी काढावी असं ठरवलं होतं, गोल चेहऱ्याची, हसरी. पण हसरी बाई भाकरी थापताना खरी वाटेना. भाकरी थापताना बाई कशी दिसते हे मी रोज एकाच बाईच्या समोर बसून बघितलं होतं. हात आपोआप तिकडं गेला. रुंद कपाळ, त्यावर मोठं कुंकू. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. धुरानं कायम अर्धा मिटलेला डावा डोळा. नाकाच्या शेंड्यावर चिकटलेलं पीठ. मी थांबले तेव्हा समोर सासूबाई होत्या. माझ्या हातून एवढं हुबेहूब काही कधी उतरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या आवडायच्या. पहिली भाकरी मला त्यांनी शिकवली होती आणि माझी मोडली की स्वतःच्या ताटात घ्यायच्या.

शिडी हलली म्हणून खाली बघितलं. सासरे उठून आले होते आणि त्यांनी शिडीला दोन्ही हातांनी धरलं होतं. ते वर बघत होते. सासूबाईंचा एकही फोटो उरला नव्हता. लग्नातला होता तो घरासोबत गेला. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी त्यांचं तोंड आत्ताच पहिल्यांदा बघितलं, रस्त्यावर, पिवळ्या पत्र्यावर.

 मला वाटलं, आता रडतील. मला वाटलं, सुटले मी. मग ते बोलले, आणि या वेळी भिंतीला नाही, मला.

"पुसून टाक."

मला काही समजलं नाही.

"पुसून टाक पोरी ते. तिला न्हाई बसवायचं चुलीम्होरं. जलमभर बसली ती तिथं. लई थापल्या तिनं भाकरी." त्यांचा आवाज फुटला. "आता तरी न्हाई."

मी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि सासूबाईंना पुसलं. आधी कुंकू, मग डोळे. ओला रंग लगेच निघाला.  त्या माणसाला सगळं माहीत होतं. चुलीचा धूर, तो अर्धा मिटलेला डोळा, जन्मभर बसणं, सगळं त्यांना दिसलं होतं. मला इतके दिवस वाटत होतं की पुरुषांना ते दिसतच नाही.

पत्र्यावर नुसता पिवळा ओरखडा उरला, वर पदर, खाली भाकरी. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता तुझंच काढ परत."

माझ्या डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता. मी तो सावरला नाही.

"मामा," मी म्हणाले, "मग मी किती थापायच्या?"

ते गोंधळले. हा प्रश्न त्यांना खरोखरच कधी पडला नसावा. माझ्याकडे बघत त्यांनी अगदी सरळ मनानं, मायेनंच म्हटलं, "तुला काय हुतंय? तुझं अजून वय हाय."

"म्हणूनच जाते मामा," मी म्हणाले, आणि ब्रश डब्यात टाकून उतरायला लागले.

 शिडी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती, आणि माझे पाय जमिनीला लागेपर्यंत सोडली नाही.